७७७ हा तोडगा नव्हे : शाळेतल्या इंटरनेट फिल्टरच्या किल्ल्या कोणाकडे असाव्यात?



शाळेच्या संगणक कक्षात इंटरनेट आलं की पालकसभेत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मुलं नको ते बघणार नाहीत ना?" त्यावर शाळेचं उत्तरही ठरलेलं असतं : "काळजी करू नका, फिल्टर बसवलंय." सगळ्यांचं समाधान होतं आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

मला वाटतं, खरी चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी. फिल्टर बसवणं हे एका दुपारचं काम आहे. पण ते बंद पडलं तर कोण आणि कसं सुरू करतं? त्याच्या याद्या कोण बदलू शकतं? मुलांनी काय काय उघडलं याची नोंद कोणाला वाचता येते? मुलांची सुरक्षितता या तीन प्रश्नांवर ठरते. लिनक्सवर या तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी मिळतं, ते म्हणजे परमिशन्स. साध्या भाषेत, कोणाला काय करायची परवानगी आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. फिल्टर अडलं की सगळ्या फायलींना '७७७' देऊन मोकळं व्हायची सवय शाळांनी सोडली पाहिजे. आणि चुकून अडवलं गेलेलं अभ्यासाचं पान उघडायचा अधिकार बाहेरच्या तंत्रज्ञाकडे न ठेवता शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाताशी ठेवला पाहिजे. ही दोन्ही कामं परवानग्या नीट वाटल्या की एकदमच होतात.

आधी यंत्रणा समजून घेऊ

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ग्रंथालयात मुलं थेट कपाटापर्यंत जात नाहीत. ती चिठ्ठी देतात आणि ग्रंथपाल पुस्तक आणून देतात. प्रॉक्सी म्हणजे हा ग्रंथपाल. मुलाच्या संगणकाने मागितलेलं पान प्रॉक्सी बाहेरून आणते आणि त्याच्या हाती देते. लिनक्सवर हे काम बहुतेक ठिकाणी 'स्क्विड' नावाचा मोफत प्रोग्राम करतो. त्याच्या जोडीला फिल्टर बसतं. पूर्वी यासाठी 'डॅन्सगार्डियन' लोकप्रिय होतं, आता त्याचाच पुढचा अवतार 'ई-टू-गार्डियन' वापरतात. नेहमीच्या मांडणीत मुलाचा ब्राउझर ८०८० या पोर्टवर फिल्टरशी बोलतो आणि फिल्टर ३१२८ या पोर्टवर स्क्विडशी.

आता महत्त्वाची गोष्ट. लिनक्सवर प्रत्येक प्रोग्राम कोणाच्या तरी नावाने चालतो. स्क्विड आणि फिल्टर हे सर्वाधिकारी 'रूट'च्या नावाने चालत राहत नाहीत. त्यांच्यासाठी कमी अधिकारांचे वेगळे युजर तयार केलेले असतात. उद्या फिल्टरमध्ये एखादी फट सापडली आणि बाहेरचा कोणी आत शिरला, तर त्याच्या हाती अख्खं मशीन लागू नये, एवढाच यामागे हेतू आहे.

प्रत्येक फायलीवरही तीन जणांचे हक्क लिहिलेले असतात : मालक, ग्रुप आणि इतर सगळे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, असे अंक धरून त्यांची बेरीज करायची. ६४० म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, ग्रुपला फक्त वाचता येईल, बाकीच्यांना काहीच नाही. ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं.

शाळेत हे काही नवीन नाही. वर्गखोल्यांच्या किल्ल्या शिपाईकाकांकडे, दप्तराच्या कपाटाची लिपिकांकडे आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची मुख्याध्यापकांकडे असते. जनरल रजिस्टर गरजेपुरतं कोणी बघेल, पण त्यात कोणी उठून खाडाखोड करत नाही. कागदावर आपण जी शिस्त पाळतो तीच संगणकावर पाळायची आहे.

नकार तीन प्रकारचे असतात

"सर, डिनाइड येतंय!" ही संगणक कक्षातली नेहमीची आरोळी. पण तो नकार कोणी दिला हे बघितल्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही. कारण नकार देणारी दारं तीन आहेत.

पहिलं दार फिल्टरचं. पान अडवल्याचं कारण लिहिलेला फलक दिसतो. म्हणजे फिल्टर नीट चालू आहे. बिघाड असलाच तर तो यादीत आहे, फायलींच्या परवानगीत नाही.

दुसरं दार स्क्विडचं. स्क्विडचे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो नियम आधी लागू पडतो तोच चालतो. 'सगळ्यांना नाही म्हणा' ही ओळ आधी आणि 'शिक्षकांना हो म्हणा' ही ओळ नंतर लिहिली असेल, तर शिक्षकांची ओळ कधी वाचलीच जात नाही. अशा वेळी फायलींचे हक्क कितीही बदला, काही फरक पडणार नाही. ओळ वर सरकवली की काम होतं.

तिसरं दार खुद्द लिनक्सचं. फिल्टरला स्वतःचीच यादी वाचता येत नाही किंवा नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहिता येत नाही. मग ते सुरूच होत नाही आणि कक्षातल्या सगळ्या संगणकांवर इंटरनेट ठप्प होतं. परवानग्यांचा खरा बिघाड हा.

या तिन्ही दारांवर 'नाही' असाच शब्द ऐकू येतो, म्हणून माणसं गोंधळतात. तिसऱ्या दाराचं कुलूप तोडून पहिल्या दाराचा प्रश्न सुटत नाही, हे आधी मनाशी पक्कं करायला हवं.

७७७ दिल्यावर काय होतं?

तिसऱ्या दाराशी अडलं की एक 'रामबाण' उपाय सुचवला जातो. सीएच-मॉड ही आज्ञा वापरून फिल्टरच्या अख्ख्या फोल्डरला ७७७ द्यायचं. फिल्टर लगेच सुरू होतं. तंत्रज्ञ बिल देतो, कक्ष चालू होतो, सगळे खूश.

आता आपल्याकडच्या कक्षाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सर्व्हरसाठी स्वतंत्र मशीन आणि स्वतंत्र खोली किती शाळांत असते? दहा-बारा संगणकांपैकी एकालाच सर्व्हर केलेलं असतं आणि तासाला जागा कमी पडली की त्यावरही दोन मुलं बसतात. अशा मशीनवर याद्यांना ७७७ दिलं, तर सूट असलेल्या साइट्सच्या यादीत नववीतलं कोणतंही हुशार पोरगं एक ओळ वाढवू शकतं. त्यासाठी पासवर्ड लागत नाही, काही फोडावं लागत नाही. फाइल उघडायची, लिहायचं आणि सेव्ह करायचं. फिल्टर पुढच्या वेळी सुरू होताना ती ओळ आज्ञाधारकपणे वाचेल. पाटीवर 'फिल्टर चालू' असंच दिसत राहील.

मला याहून जास्त काळजी लॉगची वाटते. फिल्टर प्रत्येक पानाची नोंद ठेवतं : वेळ, कोणता संगणक किंवा कोणता युजर आणि कोणता पत्ता. लॉगच्या फोल्डरला ७७७ म्हणजे ही नोंद सगळ्या वर्गासाठी खुली. एखाद्या मुलीने पाळीच्या त्रासाबद्दल काही वाचलं असेल. एखाद्या मुलाने घरातल्या दारूच्या व्यसनाबद्दल, किंवा मनात येणाऱ्या वाईट विचारांबद्दल मदत शोधली असेल. हे प्रश्न मुलं आपल्याला विचारत नाहीत, संगणकाला विचारतात. ती नोंद दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चेष्टेचा विषय झाली, तर ते मूल पुन्हा कधी कोणाला काही विचारेल का? फिल्टर मुलांच्या रक्षणासाठी आणलं, आणि त्याच्याच नोंदवहीने मूल उघडं पाडलं, असं व्हायला नको.

आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि बालकाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचं तत्त्व घालून दिलं आहे. कायद्याचा कीस वकील काढतील. शिक्षक म्हणून आपल्याला एवढं कळायला हरकत नाही, की मुलाने काय वाचलं ही त्याची खाजगी गोष्ट आहे आणि ती सांभाळण्याची जबाबदारी आपली आहे.

मग बिघाड शोधायचा कसा?

पोट दुखतंय म्हटल्यावर चांगला डॉक्टर सगळीच औषधं एकदम देत नाही. तो आधी विचारपूस करतो. इथेही पाच प्रश्न क्रमाने विचारले तर बहुतेक बिघाड सापडतात.

एक : संदेश काय म्हणतो? डॅन्सगार्डियन लॉग उघडता न आल्यावर जो संदेश देतं त्यात दोन गोष्टी स्पष्ट असतात : मी अमुक युजरच्या नावाने चाललोय आणि अमुक फाइल उघडायचा प्रयत्न करतोय, मालकी आणि हक्क तपासा. यापेक्षा सरळ तक्रार माणूसही करत नाही. पण इंग्रजी संदेश दिसला की आपण खिडकी बंद करतो. मुलांना आपण सांगतो, 'प्रश्न नीट वाचा, अर्धं उत्तर प्रश्नातच असतं.' हा नियम इथे आपल्याला लागू आहे.

दोन : प्रोग्राम नक्की कोणाच्या नावाने चालतोय? डेबियन आणि उबुंटूवर स्क्विड 'प्रॉक्सी' या युजरच्या नावाने चालतं, तर फेडोरा आणि रेड हॅटच्या घरात 'स्क्विड' याच नावाने. त्यामुळे एका घराण्यासाठी लिहिलेली कृती दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवली की मालकी चुकते. कृतीतला युजर आपल्या मशीनवर आहे का, हे आधी बघायचं आणि मग आज्ञा द्यायची.

तीन : फायलीपर्यंतचा रस्ता मोकळा आहे का? वाड्यातल्या आतल्या खोलीची किल्ली खिशात आहे, पण दिंडी दरवाजा बंद आहे, तर खोलीत जाणार कसं? लिनक्समध्ये फायलीवर हक्क असून भागत नाही. वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून पुढे जायची परवानगी, म्हणजे तो १ अंक, असावा लागतो. फाइल बरोबर दिसते आणि तरी नकार येतो, तेव्हा वरचे फोल्डर एकेक करून तपासायचे.

चार : त्याच युजरच्या नावाने करून पाहिलं का? तंत्रज्ञ रूट म्हणून फाइल उघडतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तर उघडतेय." रूटला सगळंच उघडतं, त्याने काही सिद्ध होत नाही. सुडो वापरून फिल्टरच्या युजरच्या नावाने तीच फाइल वाचून बघायची. तिथे नकार आला तर बिघाड सापडला.

पाच : बिघाड कधी झाला? 'शनिवारी व्यवस्थित होतं, सोमवारी बंद' ही तक्रार नीट ऐकावी. लॉग फार मोठा होऊ नये म्हणून लिनक्स ठरावीक काळाने, अनेक ठिकाणी आठवड्यातून एकदा, जुनी नोंदवही बाजूला ठेवून नवी उघडतं. नवी वही रूटच्या मालकीची झाली तर फिल्टरला तिच्यात लिहिता येत नाही. कोणी घाईत फिल्टर हाताने रूट म्हणून सुरू केलं असेल तरी हाच प्रकार होतो. अशा वेळी मालकी बदलून आज काम चालेल, पण पुढच्या आठवड्यात परत तेच रडगाणं. कायमचा उपाय म्हणजे नवी वही कोणाच्या नावाने आणि कोणत्या हक्कांनी उघडायची, हे वही बदलणाऱ्या यंत्रणेच्या फायलीतच लिहून ठेवायचं.

या पाचांतून काही सापडलं नाही, तर आणखी एक पहारेकरी असतो. उबुंटूवर त्याचं नाव 'ॲपआर्मर', फेडोरावर 'एसई-लिनक्स'. फायलींचे हक्क बरोबर असले तरी हा आपल्या नियमाप्रमाणे अडवू शकतो. तो अडवत असेल तेव्हा ७७७ देऊनही काही होत नाही. दार सताड उघडं राहतं आणि काम मात्र होतच नाही, असा दुहेरी तोटा.

नावाने लॉगिन करून इंटरनेट वापरायची सोय असेल, तर आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पासवर्ड बरोबर असूनही पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, तर पासवर्डची फाइल प्रॉक्सीच्या युजरला वाचता येते का ते बघा. ती फक्त रूटसाठी राखलेली असली की असं होतं. आणि मुलांच्या ब्राउझरला न सांगता मधेच अडवणारी 'पारदर्शक' पद्धत वापरली असेल, तर स्क्विडला असं लॉगिन मागताच येत नाही. तिथे मुलं आणि शिक्षक वेगळे ओळखायचे तर संगणकाच्या क्रमांकावरून ओळखावे लागतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं दिवसच्या दिवस परवानग्या चाचपत बसतात.

फिल्टरला वाचता येतं, समजत नाही

आता माझ्या म्हणण्याच्या दुसऱ्या बाजूकडे येतो. फिल्टर नीट चालू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. फिल्टर शब्द मोजतं, अर्थ लावत नाही. डॅन्सगार्डियन पानावरच्या शब्दांना गुण देतं. वाईट शब्दांचे गुण वाढतात, चांगल्यांचे कमी होतात आणि बेरीज मर्यादेच्या वर गेली की पान अडतं. त्याच्या फायलीतच मार्गदर्शन दिलेलं आहे : लहान मुलांसाठी ५०, मोठ्या मुलांसाठी १०० आणि तरुणांसाठी १६०.

अशा मोजणीच्या गमती जगाला माहीत आहेत. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक अश्लील इंग्रजी शब्द लपलेला होता. गावाचं नाव बदलता येत नाही, आणि यंत्राला गाव कळत नाही.

आपल्याकडे दहावीच्या विज्ञानात सजीवांतील जीवनप्रक्रियेच्या दुसऱ्या भागात प्रजनन शिकवायचं असतं आणि सामाजिक आरोग्याच्या पाठात व्यसनं व सायबर गुन्हे. नेमकी हीच पानं अडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. याउलट फिल्टरसोबत येणाऱ्या शब्दयाद्या मुख्यतः इंग्रजीच्या आणि इतर काही परदेशी भाषांच्या. मराठीतल्या शिव्या त्याला काय कळणार? आणि आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएस वापरतात. तिथे साध्या मांडणीतल्या फिल्टरला फक्त साइटचं नाव दिसतं, आतला मजकूर दिसतच नाही. म्हणजे गरज असलेलं अडेल आणि नको असलेलं निसटेल, हे धरूनच चालायला हवं.

म्हणून अडलेलं पान उघडणारा माणूस जवळ हवा. याबाबत अमेरिकेतला एक निकाल बोलका आहे. तिथे २००० साली कायदा झाला, की इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांनी आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी फिल्टर बसवलंच पाहिजे. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याला आव्हान दिलं. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रंथालयांबाबत हा कायदा टिकवला, पण त्यात एक मुद्दा वजनदार ठरला : प्रौढ वाचकाने विनंती केली तर ग्रंथपाल अडलेली साइट सहज उघडून देऊ शकतो. निकाल ग्रंथालयातल्या प्रौढांबद्दल होता हे खरं. पण त्यातलं शहाणपण आपल्याही कामाचं आहे. कुलूप चालेल, पण किल्ली त्याच इमारतीत हवी.

आपल्याकडे किल्ली कुठे असते? अनेकदा पस्तीस-चाळीस किलोमीटरवरच्या तंत्रज्ञाच्या मोबाइलमध्ये. तो आठ दिवसांनी येतो. तोवर पाठ संपलेला असतो. मग कोणीतरी वैतागून फिल्टरच बंद करतं आणि ते बंदच राहतं. फिल्टर बंद पडायचं हे सर्वात मोठं कारण तांत्रिक नाही, ते माणसाचा वैताग आहे.

अधिकार कसे वाटायचे?

शिक्षकांना रूटचा पासवर्ड द्या असं मी अजिबात म्हणत नाही. फळ्यावर लिहायला खडू लागतो, त्यासाठी शाळेची तिजोरी उघडून द्यावी लागत नाही. लिनक्समध्ये अगदी हवा तेवढाच अधिकार देता येतो. साधारण अशी वाटणी करता येईल.

मुलांना प्रॉक्सीमधून इंटरनेट वापरता येईल, पण फिल्टरच्या एकाही फायलीवर लिहिण्याचा हक्क नसेल.

शिक्षकांचा एक ग्रुप करायचा. त्यांना फक्त सूट-यादीत लिहिता येईल. ही यादी रूटच्या मालकीची, शिक्षकांच्या ग्रुपची आणि ६६४ हक्कांची ठेवली, की शिक्षक लिहू शकतात आणि फिल्टर वाचू शकतं. ६६० ठेवलं तर फिल्टरलाच ती वाचता येणार नाही आणि पुन्हा तिसऱ्या दाराशी अडकाल. यादी बदलल्यावर फिल्टरला ती परत वाचायला सांगावं लागतं. तेवढी एकच आज्ञा सुडोमधून शिक्षकांच्या ग्रुपला द्यायची, बाकी काही नाही. शिक्षकाला ग्रुपमध्ये घेताना जुने ग्रुप कायम ठेवण्याचा पर्याय विसरू नका, नाहीतर तो बाकीच्या ग्रुपांतून बाहेर पडतो. आणि ग्रुपचा बदल पुन्हा लॉगिन केल्यावरच लागू होतो. "नाव टाकलं तरी चालत नाही" या तक्रारीचं उत्तर बहुधा यातच असतं.

लॉग फिल्टरच्या युजरच्या मालकीचा आणि ६४० हक्कांचा. तो वाचणाऱ्या ग्रुपमध्ये दोनच माणसं : कक्षप्रमुख आणि मुख्याध्यापक. गरज पडली तरच, आणि दोघांनी मिळून तो उघडायचा.

रूटचा पासवर्ड कक्षप्रमुखाकडे आणि एक प्रत बंद लखोट्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याने काय बदललं हे त्याच्याकडून लिहून घ्यायचं.

याच्या जोडीला एक साधी शंभर पानी वही ठेवा. तारीख, कोणती साइट उघडली, कोणत्या पाठासाठी, कोणी उघडली. हा तांत्रिक भाग नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्षाअखेरीला ती वही शिक्षकांच्या बैठकीत वाचली, की आपलं फिल्टर कुठे चुकतं ते आपोआप कळतं.

काही जण म्हणतील...

"शिक्षकांवर आधीच कामाचा डोंगर आहे. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणं. त्यात हे कशाला?" तक्रार खरी आहे, मीही त्यातलाच. पण सूट-यादीत एक ओळ लिहायला दोन मिनिटं लागतात आणि तंत्रज्ञाची वाट बघण्यात अख्खा पाठ जातो. वेळ कुठे वाचतो ते बघा. आणि हे काम प्रत्येकाने करायचं नाही. प्रत्येक शाळेत दोघांना आलं तरी पुरे.

"शिक्षकच अधिकाराचा गैरवापर करतील तर?" म्हणून तर अधिकार मोजका द्यायचा आणि वहीत नोंद ठेवायची. ज्या शिक्षकाच्या हाती चाळीस मुलं विश्वासाने सोपवतो, त्याच्या हाती एका यादीची एक ओळ सोपवायला घाबरायचं, हे पटत नाही.

"फिल्टरच नको, मुलांवर विश्वास ठेवा." वरच्या वर्गांपुरता यात तथ्यांश आहे. पण पाचवीतलं मूल चुकीचं स्पेलिंग टाइप करून भलत्याच पानावर पोहोचतं, तेव्हा त्याचा काहीच दोष नसतो. त्याच्यासाठी कुंपण हवं. फक्त कुंपणाला फाटक हवं आणि फाटकाशी ओळखीचं माणूस हवं.

पालकांसाठी दोन शब्द

पुढच्या पालकसभेत "फिल्टर आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. आणखी तीन प्रश्न विचारा. मुलांच्या वापराची नोंद कोण वाचू शकतं? अभ्यासाचं पान अडलं तर ते कोण उघडतं आणि किती वेळात? फिल्टर बंद पडलं तर त्या दिवशी काय करता? शाळेकडे उत्तरं नसतील तर रागावू नका. प्रश्न विचारला गेला की उत्तर शोधलं जातं.

घरी लिनक्सचा संगणक असेल तर एक गोष्ट आजच तपासा. उबुंटू बसवताना जे पहिलं खातं तयार होतं, त्याला सुडोचे, म्हणजे जवळजवळ सर्वाधिकाराचे हक्क मिळतात. मूल तेच खातं वापरत असेल तर कोणतंही फिल्टर बसवा, ते एका आज्ञेत बंद करता येतं. मुलासाठी वेगळं, साधं खातं उघडा. त्यानंतर फायरवॉलला सांगता येतं, की बाहेर वेबवर जायचा रस्ता फक्त प्रॉक्सीच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामला मोकळा, मुलाच्या खात्याने थेट जाऊ नये. आणि हे सगळं मुलापासून लपवून करू नका. काय बसवलंय, का बसवलंय आणि एखादं पान हवं असेल तर कोणाला सांगायचं, हे त्याला समोर बसवून सांगा.

शेवटी एवढंच म्हणेन. परवानग्यांचा बिघाड आला की तो घाईने गाडून टाकू नका. 'कोणाला काय करता यावं?' हा प्रश्न मशीन आपल्याला विचारत असतं, आणि त्याचं उत्तर तंत्रज्ञाने नव्हे, शाळेने द्यायचं असतं. या शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास काढा, लॉगचं फोल्डर उघडा आणि त्यावरचे तीन आकडे वाचा. ते ७७७ असतील, तर काम तिथूनच सुरू करा.